अव्वांची अत्तराची कुपी

आमच्या अव्वांच्या ट्रंकेत तळाशी एक पांढरी साडी, एक नवा टॉवेल आणि गुलाबाच्या अत्तराची लहानशी कुपी ठेवलेली असायची. ही सारी तयारी त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या प्रवासाची. दरवर्षी नाताळच्या साफसफाईत त्या ती साडी उन्हाला घालत, घडी मोडून पुन्हा घालत आणि कुपीचे बूच घट्ट आहे ना ते बघत. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत म्हाताऱ्या बायकांची अशी ट्रंक असते, त्यामुळे वाचकांना त्याचे नवल वाटू नये. नवल एवढेच की त्या कुपीचा उपयोग झाला तो माझ्यासाठी, आणि तोही मी जिवंत असताना!

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. धारवाडच्या. बासेल मिशनच्या परंपरेतले कानडी घर. मी बेळगावची, मराठी उपासनेत वाढलेली, पुढे एका शाळेत मराठी शिकवणारी. १९८७ साली आमचे लग्न झाले तेव्हा मला कानडीतले 'इल्ल' आणि 'बेड' एवढे दोनच शब्द धड येत होते. नव्या सुनेला ते पुरत नाहीत! हळूहळू जमले. माझे मराठी बायबल मात्र अव्वांना बरीच वर्षे परके वाटे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले आणि त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या घाटमाथ्यावर झाला होता, त्यांना कन्नडही येत असे, हे मी एकदा सांगितले, तेव्हा कुठे माझ्या मराठी बायबलाला देवघराच्या कपाटात, म्हणजे आमच्या घरात ज्याला आम्ही हसून देवघर म्हणतो त्या कोपऱ्यात, कन्नड बायबलाशेजारी जागा मिळाली.

मे २०२१ मध्ये आमचे हे गेले. कोरोनाची दुसरी लाट. आम्ही दोघेही एकाच आठवड्यात आजारी पडलो. मला घरीच ठेवले, यांना दवाखान्यात न्यावे लागले आणि अकराव्या दिवशी पहाटे फोन आला. अव्वा त्या वेळी शेजारच्या काकूंकडे होत्या, कारण त्यांची तपासणी चांगली आली होती. ऐंशी वर्षांच्या बाईला आमच्याजवळ ठेवणे धोक्याचे होते. मुलगी पुण्यात. टाळेबंदीत ती पोचू शकली नाही.

त्या दिवसांतले नियम सर्वांना आठवत असतील. मृतदेहाला अंघोळ घालायची नाही, हात लावायचा नाही, मुका घ्यायचा नाही. पिशवीची चेन थोडी उघडून लांबून चेहरा बघता येई तेवढाच. पिशवी आमच्या डोळ्यांसमोर बंद झाली ती तशीच मातीत गेली. पांढऱ्या पोशाखातल्या चार तरुणांनी पेटी खाली सोडली. ते कोण होते, कुठल्या जातीधर्माचे होते, मला आजही माहीत नाही. पाळकसाहेबांनी लांबून प्रार्थना केली. मी गाडीत बसून ऐकली, कारण मला उतरायची परवानगी नव्हती.

अव्वांनी मात्र सकाळीच ट्रंक उघडली होती. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितले. साडी बाजूला ठेवून त्यांनी अत्तराची कुपी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि मुलाला बघायला नेतील म्हणून दारात खुर्ची टाकून बसल्या. दुपारी माती देऊन झाल्याचे त्यांना सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. कुपी पदराला बांधलेलीच राहिली.

माझे दुःख सांगायला मी हे लिहीत नाही. त्या वर्षी आपल्या प्रत्येक गल्लीत असे घर होते. मला सांगायचे आहे ते वासाबद्दल.

आजारात माझा वास गेला. अनेकांचा गेला आणि पंधरा-वीस दिवसांत परतही आला. माझा आला नाही. उपम्याला फोडणी दिली तरी काही नाही, गॅस उघडा राहिला तरी काही नाही. दोनदा दूध करपले, ते मला अव्वांच्या ओरडण्यावरून कळले. त्यातून एक गोष्ट अशी झाली की ती मी कोणाला सांगूही शकत नव्हते. हे दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी जो शर्ट घालून बसले होते, तो मी धुतला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवला होता. निळ्या रेघांचा, कॉलर थोडी विरलेली. यांना सर्दीचा जुना त्रास होता, म्हणून रुमालावर रोज नीलगिरी तेलाचे दोन थेंब टाकायची सवय. अंगाला म्हैसूर सँडल साबण. त्या दोन वासांचा मिळून जो एक वास होतो, तो म्हणजे चौतीस वर्षांचा माझा संसार. आणि तो शर्ट नाकाशी धरला की मला नुसते कापड लागे. कोरे, दुकानातून आणल्यासारखे.

अव्वांना वास येत होता. त्यांनी एकदाच पिशवी उघडली, तोंड आत घातले आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला रडू यायला हवे होते, पण आला तो राग. मत्सरच म्हणा.

चर्च पुन्हा सुरू झाल्यावर भेटायला येणाऱ्यांत चांगली माणसे होती, तशी उपदेश करणारीही होती. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका असे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे, ते वचन मला त्या तीन महिन्यांत किती जणांनी ऐकवले याची गणती नाही. पौलाने शोकच करू नका असे कुठे म्हटले आहे? लाजराच्या कबरेपाशी स्वतः प्रभू रडला, हे त्याच बायबलात आहे. पण त्या वेळी वाद घालायचे बळ नव्हते. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नसत. 'हे प्रभू' म्हणून जे थांबायचे ते थांबायचे. अव्वा शेजारी बसून कन्नडमध्ये सावकाश प्रार्थना करत आणि मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "अत्तुबिडव्वा." रडून घे बाई. पण तेही जमत नव्हते.

ऑगस्टमध्ये मुलीने हट्ट केला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाक तपासले आणि म्हणाले, "बाई, औषध असे फारसे नाही. पण व्यायाम आहे." नाकाचा व्यायाम! मला वाटले चेष्टा करतात. मग त्यांनी नीट समजावले. या विषाणूचा मारा वास ओळखणाऱ्या पेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या आजूबाजूच्या पेशींवर जास्त होतो, असे संशोधनात दिसले आहे. वासाच्या पेशी शरीर आयुष्यभर नव्याने घडवत असते, म्हणून आशा सोडायची नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन गावच्या थॉमस हुमेल नावाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एक पद्धत मांडली होती. चार वास: गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळी एकदा, रात्री एकदा, एकेक कुपी दहा-वीस सेकंद हुंगायची, मध्ये थोडे थांबायचे, आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आठवायचे. निदान बारा आठवडे, पुढेही करत राहिले तर चांगले. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण पुष्कळांना येतो.

घरी येऊन मी यादी वाचली. लवंग स्वयंपाकघरात होतीच, पण तेल हवे म्हणून रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणले. लिंबाचे तेल मुलीने पुण्याहून पाठवले. नीलगिरीची बाटली यांच्या टेबलाच्या खणात होती, अर्धी भरलेली. गुलाबाचे काय करावे, असे मी मोठ्याने म्हणाले असेन. अव्वा उठल्या, आत गेल्या आणि कुपी आणून माझ्यासमोर ठेवली.

"अव्वा, ही नको," मी म्हणाले.

"ज्याच्यासाठी काढली त्याला लावू दिली नाही. माझ्यासाठी दुसरी आणता येईल," त्या म्हणाल्या. तेवढे बोलून भाजी निवडायला बसल्या.

मग रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला आमचा कार्यक्रम सुरू झाला. टेबलावर चार कुप्या, दोन बायबले. मी डोळे मिटून हुंगायची आणि अव्वा विचारायच्या, "वास्नी बंतेन?" वास आला का? मी म्हणायची, "इल्ल." माझे कानडी इतके वापरात कधीच आले नव्हते!

पहिल्या आठवड्यात नीलगिरीच्या वेळी मला एकदम काहीतरी जाणवले. नाकात गार झाले, डोळ्यांत पाणी आले. मी ओरडलेच, "बंतु!" अव्वांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "तो वास नव्हे. नीलगिरी, पुदिना यांचा गारवा चेहऱ्याच्या संवेदनेच्या वेगळ्या नसेतून कळतो. वास गेलेल्यालाही तो कळतो." म्हणजे हात फिरवल्यासारखे कळते, पण कोणाचा हात ते कळत नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर रडले. अव्वांनी थांबवले नाही.

प्रार्थनेला शब्द नव्हते, पण आता करायला काहीतरी होते. लवंगेच्या कुपीपाशी मी मुलीचे नाव घ्यायची, लिंबापाशी यांच्या वॉर्डात जे इतर होते त्यांचे, गुलाबापाशी अव्वांचे. नीलगिरीपाशी नाव घ्यायला खूप दिवस लागले. एवढीच माझी प्रार्थना, चार-पाच मिनिटांची. तेलात देव आहे असे मला कधी वाटले नाही. हात कशात तरी गुंतले की मन थोडे ठिकाणावर येते. आपल्या आज्या गहू निवडताना गाणी म्हणायच्या, त्यातलाच प्रकार.

आमच्या महिला प्रार्थना मंडळातल्या एका बहिणीला हे पटले नाही. सुगंधी तेले, दवणा, धूप हे सगळे 'तिकडचे' आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी निर्गमाचा तिसावा अध्याय दाखवला. तिथे अभिषेकाच्या तेलाची कृती आहे: गंधरस, दालचिनी, तज, जैतुनाचे तेल अशी सगळी वजनासकट. आणि पुढेच म्हटले आहे की यासारखे दुसरे कोणी करू नये. मी जरा घाबरलेच. पाळकसाहेबांना विचारले तर ते हसून म्हणाले, "ते एक विशिष्ट मिश्रण पवित्रस्थानासाठी राखलेले होते. म्हणून दालचिनी वर्ज्य झाली का? मग तुमचा नाताळचा केक कसा व्हायचा?" ते वयाने माझ्याहून लहान आहेत, पण समजूतदार.

याच्या उलट टोकाच्याही एक बाई भेटल्या. ओळखीच्याच. त्या परदेशी तेलांच्या लहान बाटल्या घरोघरी विकत. किंमत ऐकून मला घेरी यायची! त्यांनी सांगितले, दोन थेंब जिभेखाली ठेवा, झोप लागेल, मन शांत होईल, आणि रक्तदाबाची गोळी हळूहळू सोडा. गोळीवर विसंबणे म्हणजे देवावर विश्वास कमी असणे. हे वाक्य ऐकून मात्र मी त्यांना चहा न देताच वाटेला लावले. दुःखातल्या माणसाला काहीही विकता येते, विशेषतः देवाचे नाव लावून. वाचक भगिनींनो, ही तेले अतिशय तीव्र असतात. पोटात घेण्याची नाहीत. नीलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात थोडेसे गेले तरी फिट येऊ शकते, म्हणून बाटली उंचावर ठेवावी. अंगाला लावायचे तर खोबरेलात मिसळूनच.

पण शहाणपण सांगणाऱ्या माझीच चूक सांगितली पाहिजे. तेल नाकारले आणि काढ्यात फसले! आजारापासून घसा खवखवायचा, म्हणून मी तुळस, गवती चहा, आले आणि ज्येष्ठमध यांचा काढा दिवसातून तीन वेळा घ्यायची. झाडपाल्याने काय होणार, असे आपण म्हणतोच. ज्येष्ठमध गोड म्हणून मी ते जरा सढळ हाताने टाकी. अडीच महिन्यांनी पाय सुजले, डोके दुखू लागले. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १८०. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काढा घेता का? ज्येष्ठमध आहे त्यात?" ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो, हे मला त्या दिवशी कळले. काढा बंद केल्यावर आणि गोळ्या बदलल्यावर तीन आठवड्यांनी उतरला. गवती चहा मात्र अजून घेते. अव्वा त्याला 'मज्जिगे हुल्लू' म्हणतात, ताकाचे गवत, कारण त्यांच्याकडे ते ताकाला लावतात.

पहिला खरा वास आला तो नोव्हेंबरमध्ये, लवंगेचा. अगदी पुसट, दाराआड कोणी खोकावे तसा. अव्वांनी विचारले, "बंतेन?" मी मान हलवली. त्यांनी लगेच पातेल्यात लवंगा घालून भात टाकला आणि मला झाकण काढायला लावले.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मात्र फार वाईट गेले. वास यायला लागले ते उलटेसुलटे. कॉफी म्हणजे जळके रबर, कांदा म्हणजे कुजके पाणी, गुलाबाच्या कुपीतून औषधी घाण. असे होते, नसा जुळताना होते, ते चांगलेच लक्षण आहे, असे डॉक्टर म्हणाले. पण मला भीती वेगळीच होती. कपाटातली पिशवी आत्ता उघडली आणि यांच्या शर्टाचा वास मला कुजका आला तर? तोच मनात बसेल. म्हणून मी ठरवले की नाक पूर्ण भरवशाचे झाल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही. कपाटाच्या त्या खणापुढून जाताना मी श्वास धरायची.

याच काळात मी योहानाचे शुभवर्तमान पुन्हा वाचत होते आणि वर्षानुवर्षे वाचलेले एक वळण मला नव्याने दिसले. अकराव्या अध्यायात लाजर मेलेला आहे, चार दिवस झाले आहेत आणि मार्था स्पष्ट सांगते की आता दुर्गंधी येत असेल. लगेच बाराव्या अध्यायात त्याच बेथानी गावात त्याच भावंडांबरोबर प्रभू जेवायला बसला आहे, मरिया त्याच्या पायांना जटामांसीचे तेल लावते आणि सगळे घर सुगंधाने भरते. एका पानावर दुर्गंधी, पुढच्या पानावर परिमळ, आणि माणसे तीच. घर भरून गेले एवढे लिहिणारा माणूस तिथे हजर असला पाहिजे, असे मला वाटले. त्या तेलाची किंमत तीनशे दीनार सांगितली आहे. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा जवळजवळ वर्षाची कमाई.

ही जटामांसी हिमालयात खूप उंचावर होते. इतकी खणून काढली गेली आहे की तिच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. रविवार पेठेतल्या त्याच दुकानदाराने मला एक लहान पुडी दिली. केसाळ, काळपट मुळ्या. मी मोठ्या अपेक्षेने हुंगली तर ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा, किंचित उग्र असा वास. माझेच नाक बिघडले म्हणून अव्वांपुढे धरली. त्या म्हणाल्या, "असाच असतो. आमच्या आईच्या केसांच्या तेलात असायची." आणि मग त्यांनी आपल्या आईबद्दल तासभर सांगितले, जे मी पस्तीस वर्षांत ऐकले नव्हते. मुलीने पाठवलेल्या लॅव्हेंडर तेलाला मात्र त्यांनी 'फिनेल' म्हणून बाद केले!

२०२२ चा ईस्टर १७ एप्रिलला होता. दोन वर्षांनी चर्च पूर्ण भरले. कबरेकडे सुगंधद्रव्ये घेऊन गेलेल्या स्त्रियांचा पाठ वाचला गेला. त्या दिवशी मला प्रथमच प्रश्न पडला की कबर रिकामी निघाली, ठीक. पण बरोबर आणलेल्या त्या सुगंधद्रव्यांचे त्यांनी पुढे काय केले? चारही शुभवर्तमानांत त्याबद्दल शब्द नाही. बाहेर पडताना पाळकसाहेबांना विचारले. ते म्हणाले, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, विचार करून सांगतो. रिक्षात अव्वांना विचारले. त्यांना विचार करावा लागला नाही.

"काय करतील? घरी नेलं असंल. आपण नाही का नेलं?"

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू जोतिबाहून आल्या. कोरोनामुळे दोन वर्षे बंद असलेली चैत्री यात्रा त्या साली भरली होती. त्यांनी प्रसाद म्हणून इतरांना दिला तसा आम्हाला नुसता दवणा दिला, आमचे पथ्य सांभाळून. अव्वांनी तो दोन्ही हातांनी घेतला. धारवाडकडेही दवणा फार. लग्नाच्या हारात, कपड्यांच्या घडीत. कन्नडमध्ये 'दवन'. मंडळातल्या बहिणीला आवडले नसते, पण मी त्यांना सांगायला गेले नाही.

मे महिन्यात यांना वर्ष झाले. सकाळी कबरेवर जाऊन फुले ठेवून आलो. तोवर कॉफीचा वास कॉफीसारखा येऊ लागला होता, नीलगिरीही नीलगिरीसारखी. दुपारी अव्वा पडल्या होत्या. मी कपाट उघडले, पिशवी काढली, गाठ सोडली आणि शर्ट चेहऱ्यावर धरला.

दवण्याचा वास आला. भरगच्च, गोडसर, दुसरे काहीच नाही. घडीत वाळलेल्या दवण्याच्या तीन-चार काड्या होत्या.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पस्तीस वर्षांत मी अव्वांवर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला, आणि मराठीत, कारण रागात कानडी सुचेना. एक वर्ष मी नाकासाठी झटत होते ती कशासाठी, हे तुम्हाला माहीत नव्हते का? अव्वा उठून बसल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या की तो वास जानेवारीतच संपला होता. तू शाळेच्या पेन्शनच्या कामाला जायचीस तेव्हा मी रोज पिशवी उघडायची. रोज थोडा कमी व्हायचा. उघडल्यानेच कमी होतो हे कळायचे, तरी उघडायची. एक दिवस काही उरले नाही. तुला कसे सांगू? तू उघडशील तेव्हा कोरे कापड लागू नये म्हणून दवणा घातला. तो धारवाडला कॉलेजात असताना त्याच्या ट्रंकेत मी हाच घालायची.

हे ऐकून माझा राग गेला असे लिहिता आले असते. गेला नाही. तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. रात्री नऊला चार कुप्या मांडल्या नाहीत. चौथ्या दिवशी अव्वांनी स्वतःच मांडल्या. नीलगिरीची बाटली पुढे केली, तर तिच्या तळाशी जेमतेम थर उरला होता. एवढी कशी संपली म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मीही घेते रुमालावर. तूच एकटी आहेस का?"

मी हसले. मग आम्ही दोघी मिळून बराच वेळ रडलो, आणि त्या वेळी कोणी कोणाला 'अत्तुबिड' म्हणायची गरज पडली नाही.

आता अव्वा पंचाऐंशीच्या घरात आहेत. रात्री त्यांचे पाय दुखतात. मी दोन मोठे चमचे खोबरेल तेलात वाळ्याच्या तेलाचे पाच-सहा थेंब घालून पाय चोळून देते. वाळ्याला त्यांच्या कन्नडमध्ये 'लावंच' म्हणतात. पाय थांबतात का, तर फारसे नाही; गोळी घ्यावीच लागते. पण चोळत असताना त्या कन्नडमध्ये स्तोत्र म्हणतात आणि मी मराठीत. शब्द जुळत नाहीत, 'आमेन' तेवढे एकदम येते.

गुलाबाची कुपी संपली. गेल्या नाताळात मी त्यांच्या ट्रंकेत नवी आणून ठेवली. त्यांनी बूच उघडून बघितले, दुकानदाराने पाणी घातले आहे म्हणाल्या आणि साडीच्या घडीत ठेवून दिली. शर्ट कपाटातच आहे, पिशवीतून काढून नुसता घडी करून. शेजारच्या काकूंचे गुडघे आता जोतिबाच्या पायऱ्या चढत नाहीत. यंदा चैत्रात बाजारात जाऊन दवणा मीच आणला. एक जुडी काकूंना दिली, एक घरी.